ज्येष्ठांचा छंद ही घरातली अडगळ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वडीलधाऱ्यांचा रक्तदाब, साखर आणि गुडघेदुखी यांची चौकशी घरोघरी आस्थेने होते. परंतु निवृत्तीनंतरचा लांबलचक दिवस त्यांना कसा जातो, हे सहसा कोणी विचारत नाही. तरुणपणापासून जोपासलेला छंद या काळात मनाला केवढा आधार देतो, हे मी वयाच्या ७२व्या वर्षी अनुभवत आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी शाळकरी वयापासून टपाल तिकिटे जमवतो. पत्नीच्या निधनानंतर सात-आठ महिने मी अल्बमला हात लावला नव्हता. एके दुपारी जुन्या पाकिटांचा गठ्ठा सापडला आणि केवळ सवयीने मी त्यांवरची तिकिटे कापून कोमट पाण्यात टाकली. कागद आपणहून सुटेपर्यंत थांबावे लागते, घाई केली की तिकीट फाटते. मग ते चिमट्याने अलगद उचलून, छापील बाजू खाली करून टीपकागदावर वाळत घालायचे आणि कडेचे दाते शाबूत आहेत ना, हे भिंगातून पाहायचे. त्या दुपारचे दोन तास कसे गेले ते कळले नाही. दुःख हलके झाले असे मी म्हणणार नाही. पण वाळलेली तिकिटे अल्बममध्ये लावायची आहेत, एवढ्या कारणाने दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठावेसे वाटले.

हा माझ्या एकट्याचा अनुभव नसावा. २०२३ साली ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १६ देशांतील, ६५ वर्षे व त्यावरील वयाच्या सुमारे ९३ हजार व्यक्तींची माहिती तपासली गेली. छंद असणाऱ्यांमध्ये नैराश्याची लक्षणे कमी आणि आयुष्याविषयीचे समाधान अधिक आढळले. खचलेला माणूस छंदही सोडून देतो, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे अशा पाहणीतून निर्विवादपणे ठरत नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

‘निवृत्त झाल्यावर बघू’ असे म्हणून छंद पुढे ढकलणाऱ्यांना मला कळकळीने सांगावेसे वाटते की, साठीनंतर नवे काही शिकता येते, यात शंका नाही. पण मन थाऱ्यावर नसतानाही हात आपोआप ज्या कामाकडे वळतात, ते काम बहुधा वर्षानुवर्षांच्या सरावाचे असते. शरीर साथ देईनासे झाले, तर छंदाचे रूप बदलता येते. ‘ग्रँडमा मोझेस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी चित्रकर्तीला संधिवातामुळे भरतकामाची सुई धरवेना, तेव्हा सत्तरी उलटल्यावर तिने सुई ठेवून कुंचला हाती घेतला. १९६१ साली तिचे निधन झाले, तेव्हा ती १०१ वर्षांची होती.

म्हणून मुलासुनांना आणि लेकीजावयांना एकच विनंती आहे. आईवडिलांना आपल्याकडे राहायला आणताना ‘हा पसारा आता कशाला’ म्हणून त्यांचे रंग, वाद्य, लोकरीच्या सुया किंवा अल्बम परस्पर काढून टाकू नका. आधी त्यांना विचारा आणि नव्या घरात, भरपूर उजेड येईल अशा खिडकीशी, त्यांच्यासाठी एक टेबल राखून ठेवा.

आपला नम्र,
एक ज्येष्ठ वाचक