लुणीच्या काळ्या पाण्यावरचे शेकाटे: केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय पर्यावरणमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

जून 2025 मध्ये राजस्थानातल्या फलोदीजवळच्या खीचन गावच्या पाणथळीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा मान, मिळाला, तेव्हा आम्हा पुण्याच्या पक्षीवेड्यांना कोण आनंद झाला! मारवाडातली कुरजां म्हणजे आमचा करकोचा. पार मंगोलियाकडून येणाऱ्या या पाहुण्यांना वर्षानुवर्षं दाणे घालणाऱ्या त्या गावाचा हा मान हक्काचाच आहे. आज लिहिते आहे ती त्याच मुलखातल्या लुणी नदीसाठी.

अजमेरजवळच्या डोंगरांत उगम पावून 495 किलोमीटरवर कच्छच्या रणात जिरणारी ही नदी मुळात पावसाळी. पाणी ओसरलं की पात्रातली डबकी आणि काठावरच्या शमीची (तिकडे खेजडी म्हणतात) सावली, एवढ्यावर पक्षी हिवाळा काढायचे. गेल्या जानेवारीत जोधपूरच्या खालच्या अंगाला जोजरी या तिच्या उपनदीवर गेले, तर ऐन थंडीत पात्र वाहत होतं. काळं पाणी, वर फेस, आणि वास असा की दुर्बीण डोळ्यांना लावून उभं राहवेना. त्यात शेकाटे, हे उंच पायांचे पाणपक्षी, चरत होते. एक उडाला, तेव्हा त्याचे ते लांबसडक गुलाबी पाय दिसले. वंगणात बुडवून काढावेत तसे, निम्मे काळे.

कापड रंगवणारे आणि स्टीलचे कारखाने, शहराची गटारं, यांचं हे पाणी. पालीकडून बांडी नदी असंच पाणी आणते, बालोतऱ्याला त्यात आणखी भर पडते. वाळवंटात पाणी चमकलं की पक्षी उतरणारच. ते कुठून आलं हे त्याला कसं कळावं? शेकाट्यासारखा पक्षी सांडपाण्यातही टिकतो. त्यामुळे नुसती संख्या मोजली तर नदी भरभराटीला आल्यासारखी वाटेल. मला याचीच सगळ्यात जास्त धास्ती वाटते.

सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जोजरीची स्वतःहून दखल घेतली. आता आपल्या मंत्रालयाने एवढं करावं: दर जानेवारीच्या पाणपक्षी गणनेत जोजरी, बांडी आणि लुणीवरची ही काळी डबकीही घ्यावीत. त्याच दिवशी, त्याच जागी पाण्याचे नमुने तपासावेत आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापून सगळ्यांसमोर ठेवावेत. मोजायला माणसं लागतील. आम्ही पुण्याहून स्वखर्चाने येऊ.

आपली विश्वासू,
पुण्यातील एक पक्षीनिरीक्षक