आयसीयूतल्या आहारतज्ज्ञ मॅडमना, गोव्यातल्या सत्तरी तालुक्याहून

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

बाबा घरी आले त्या दिवशी डॉक्टरांचे आभार मानून झाले, नर्सबाईंना पेढे दिले, वॉर्डबॉयचा हात हातात घेतला. तुम्ही तेव्हा दुसऱ्या कुणाच्या तरी खाटेपाशी होता आणि डिस्चार्जच्या कागदांवर तुमचं नाव कुठेच नव्हतं. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. आयसीयूच्या दाराबाहेर बाकावर बसणाऱ्यांना आत आहारतज्ज्ञ नावाचं माणूस असतं हेच ठाऊक नसतं. व्हेंटिलेटर कळतो, सलाईन कळतं. जेवणाचा हिशोब कोण ठेवतो, हे कुणी विचारत नाही.

पित्ताशयातला खडा अडकून बाबांच्या स्वादुपिंडाला सूज आली होती. त्याआधीही घरी उलट्यांमुळे पोटात पेजेच्या पाण्याशिवाय फारसं काही ठरत नव्हतं. आमचे काका सगळ्यांना समजावत होते, “सलाईन चालू आहे ना, मग अन्नाची काळजी कसली?” तुम्ही कागदाच्या चिठोऱ्यावर आकडे मांडून दाखवलेत. 5 टक्के डेक्स्ट्रोजच्या 500 मिलीच्या बाटलीत साखर फक्त 25 ग्रॅम, कॅलरी साधारण 85. साध्या सलाईनमध्ये तर शून्य. साठ किलोच्या बाबांना पूर्ण आहारावर आल्यावर दिवसाला 1500च्या आसपास कॅलरी आणि 70 ग्रॅमच्या वर प्रथिनं लागणार होती. हे मिळालं नाही तर शरीर आपलेच स्नायू मोडून खातं, आणि गंभीर आजारात ते पुरेसं खायला मिळूनही काही प्रमाणात होतंच, असं तुम्ही सांगितलंत. पुढे मी वाचलं, लंडनमधल्या आयसीयूतल्या रुग्णांवरच्या 2013 सालच्या एका अभ्यासात पहिल्या दहा दिवसांतच मांडीचा एक स्नायू सरासरी 18 टक्क्यांच्या आसपास आटल्याचं दिसलं होतं. रात्रभर पखवाज वाजवणाऱ्या बाबांचे दंड चादरीवर कसे दिसत होते, ते मग मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

स्वादुपिंड सुजलं की पोट उपाशी ठेवायचं, एवढंच आमच्याकडच्या जुन्या माणसांना माहीत, आणि पूर्वी इस्पितळांतही तसंच चालायचं. बाबांचं बीपी सावरल्यावर तुम्ही आणि डॉक्टरांनी मात्र नाकातून नळी घालून आहार सुरू करायचं ठरवलंत. आतड्याला काम नसलं की त्याचं अस्तर खंगतं आणि जंतूंना रक्तात शिरायला वाट मिळते, हे कारण. शिरेतून पूर्ण आहार देण्याची सोय असते, पण आतडं चालत असेल तर ते सोडून शिरेकडे जायचं नाही, आणि शिरेतल्या आहाराबरोबर संसर्गाची भीतीही जास्त. नळी जागेवर आहे की नाही ते एक्स-रेवर पाहिल्याशिवाय तुम्ही थेंबही जाऊ दिला नाहीत.

आणि मग सुरुवात केलीत ती तासाला 20 मिलीने! काका भडकले. “माणूस आठवडाभर उपाशी, आणि हे चमच्या-चमच्याने?” काका पंचायतीच्या सभेत सरपंचालाही बोलू देत नाहीत. तुम्ही त्यांना व्हरांड्यात उभं करून समजावलंत. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम साखर गेली की इन्शुलिन वाढतं, आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम भराभर पेशींत ओढलं जातं. मग हृदयाची लय बिघडू शकते, श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेले उपाशी कैदी पोटभर जेवून दगावले, ते यामुळेच. म्हणून आधी थायमिनचं, म्हणजे बी-1 जीवनसत्त्वाचं, इंजेक्शन, रोज रक्ताची तपासणी, आणि फॉस्फेट ठीक दिसलं तरच वाढ. काका त्यानंतर ज्याला त्याला फॉस्फेट विचारत सुटले.

आईचं प्रकरण नाजूक होतं. तिने उकड्या तांदळाची पेज गाळून थर्मासमधून आणली होती, पहाटे उठून, वाळपईची पहिली बस पकडून. नळीतून तेवढी घाला म्हणाली. तुम्ही हसला नाहीत की टाळलं नाहीत. गाळलेल्या पेजेत बहुतेक पाणी आणि थोडा स्टार्च, प्रथिनं नावालाच; घट्ट केली तर नळी तुंबणार; आणि वाटेत तासन्‌तास राहिलेल्या पेजेत जंतू वाढले तर एवढ्या आजारी माणसाला ते सोसणार नाही. इस्पितळाच्या पावडरीत काय आणि किती, ते मोजून माहीत असतं. एवढं सांगून तुम्ही तिला एक काम दिलंत: आत आलात की खाटेची डोक्याकडची बाजू उचललेली आहे ना ते बघा, आडवी दिसली तर सिस्टरना सांगा, कारण सपाट झोपलेल्या माणसाचं पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. नळी निघाल्यावर, गिळता येतंय याची खात्री झाली की पहिली पेज तुमचीच, असा शब्दही दिलात. तो पाळलात.

पण मला सर्वांत जास्त आभार मानायचे आहेत ते तुमच्या वहीचे. स्कॅनला नेलं, फीड म्हणजे नळीतला आहार बंद. नळी बदलली, फीड बंद. कागदावर लिहिलेला आहार आणि प्रत्यक्ष पोटात गेलेला आहार यांत किती फरक पडतो, ते मला तेव्हा कळलं. राउंडच्या वेळी तुम्ही ‘फीड चालू आहे’ या उत्तरावर थांबत नव्हता. काल ठरलेलं किती, गेलं किती, राहिलेलं आज कसं भरून काढायचं, हे विचारायचा आणि उत्तर मिळेपर्यंत हलायचा नाहीत. एकदा मोठे डॉक्टर घाईत होते, तरी तुम्ही त्यांना थांबवलंत. माझ्या मते औषधाचा डोस चुकला की जेवढी धावपळ होते, तेवढीच चुकलेल्या जेवणासाठी व्हायला हवी, आणि ती करणारं त्या खोलीत कुणी तरी असायला हवं. बाबांच्या नशिबाने तुम्ही होता.

घरचा तक्ताही तुम्ही आमच्या स्वयंपाकघराला धरून लिहून दिलात: मूग, आळसांदे (आमच्याकडची चवळी), साय काढलेलं दही, अंड्याचा पांढरा भाग, मुड्डोशी मासे वाफवून, तेल अगदी थोडं. बाबा हळूहळू चालतात. परवा त्यांनी पखवाजाला कणीक लावली, पण फार वेळ बसवलं नाही. पित्ताशयाचं ऑपरेशन व्हायचं आहे, त्याआधी अंगात थोडं मांस चढू दे, हे तुमचं वाक्य आई दर जेवणाला म्हणते.

तक्रार एकच आहे, आणि ती बाबांची. हुमण म्हणजे आमच्याकडची माशांची आमटी, आणि नारळाशिवायचं हुमण हे हुमण नव्हे, असं त्यांचं ठाम मत आहे. पुढच्या तपासणीला येताना ते हा प्रश्न घेऊन येणार आहेत. तयार राहा.

आपला कृतज्ञ,
एका रुग्णाचा मुलगा
सत्तरी, गोवा