कोड्याचं उत्तर त्याच दिवशी छापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या मुलांच्या पानावरचं गणिताचं कोडं मी दर सोमवारी पाचवीच्या वर्गात नेते. अडचण एकच. उत्तर तिथेच खाली उलटं छापलेलं असतं. पान हातात पडलं की मुलं आधी ते फिरवतात, उत्तर वाचतात आणि विषय संपतो. मला तर त्यांचं बोलणं हवं असतं.

गणिताच्या तासाला माझा वर्ग गप्प असायचा. "समजलं का?" विचारलं की "हो मॅडम" यायचं आणि तो 'हो' किती खरा ते चाचणीत कळायचं. गेल्या वर्षी द. रा. कापरेकरांचं कोडं फळ्यावर मांडलं. कापरेकर आमच्याच जिल्ह्यात, देवळालीला शिक्षक होते; हे त्यांनी १९४९ मध्ये मांडलं. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतं आणि तिथून हलत नाही. ३५२४ घेतलं तर ३०८७, ८३५२, ६१७४. मुलांना मी ६१७४ सांगितलं नव्हतं. "कुठे पोचता ते बघा," एवढंच.

एकेकाचं ६१७४ येऊ लागलं. तेवढ्यात कधीच तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, "माझं शून्य आलं." तिने २१११ घेतलं होतं. वजा १११२, राहिले ९९९. पुन्हा ९९९ मधून ९९९ गेले. वजाबाकीत चूक नव्हती. एक मुलगा म्हणाला, "खेळ चार अंकांचा, मग चौथा गेला कुठे?" ती म्हणाली, "०९९९ म्हणजे ९९९च की!" दोघांचंही बरोबर. सगळा वर्ग भांडत होता आणि मी खडू खाली ठेवून गप्प उभी होते. सांगून टाकायचा मोह आवरणं फार अवघड जातं, हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको. शेवटी तिनेच शून्य धरून पाहिलं: ९९९० वजा ०९९९, म्हणजे ८९९१. मग ८०८२, ८५३२, ६१७४. "डावीकडे शून्य काहीच करत नाही मॅडम, पण उजवीकडे गेलं की दहापट करतं." स्थानिक किंमत इतकी नेमकी मलाही कधी सांगता आली नव्हती.

अशाने अभ्यासक्रम मागे पडतो, असं सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. घरचा अभ्यास म्हणून हातच्याच्या पाच वजाबाक्या टाळणाऱ्या मुलांनी त्या दिवशी पंधरा-पंधरा केल्या. आलेल्या प्रत्येक उत्तराला नऊने भाग जातो, हेही दोन दिवसांनी त्यांनीच शोधलं.

म्हणून विनंती. १७ जानेवारी हा कापरेकरांचा जन्मदिवस. त्या आठवड्याच्या पानावर हे कोडं द्या आणि उत्तर पुढच्या रविवारी छापा. मुलांकडून नुसतं उत्तर मागवू नका, कसा विचार केला ते लिहून मागवा. आणि वाट चुकलेली दोन-तीन पत्रंही छापा. आमच्या वर्गाचं पत्र नक्की येईल.

– एक प्राथमिक शिक्षिका, सिन्नर (जि. नाशिक)