मास्तर, सॅक बसली!

आदरणीय मास्तर,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही माझ्या मापाला बसवून दिलेली सॅक घेऊन काल रात्री हरिश्चंद्रगडाहून घरी परतले. दोन्ही हातांची दहाही बोटं जागी आहेत, हे तुम्हाला सगळ्यात आधी कळवायचं होतं. तुमच्या शिवणकामाच्या दुकानात येऊन सांगणार आहेच. पण तुमच्यासमोर उभी राहिले की तुम्ही "चालायचंच हो ताई" म्हणून मशीनवर वाकणार आणि माझं बोलणं तोंडातच राहणार. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमची सून वाचून दाखवेल.

रतनवाडीच्या अमृतेश्वरापासून निघालो, कात्राबाईची खिंड चढलो, पलीकडे कुमशेतला उतरलो, तिथून पाचनई आणि मग गड. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना ही वाट ठाऊक असते. राहणं, झोपणं, खाणं, पाणी, सगळं पाठीवर घेऊन चालायचं. खिंडीखालचा चढ अंगावर येतो. झाडीतून वाट वर काढत नेते आणि दम खायला थांबलं की सॅकचं खरं वजन तेव्हा कळतं. याआधी अशा चढावर माझा उजवा हात बधिर व्हायचा. आधी मुंग्या, मग बोटं कुणा दुसऱ्याची असल्यासारखी. पाण्याच्या बाटलीचं झाकणसुद्धा डाव्या हातानं उघडावं लागायचं. या वेळी खिंडीत पोचले, सॅक उतरवली आणि उजव्या हातानं बकल सोडलं. बरोबरच्यांना त्यात काही विशेष दिसलं नाही. मी मात्र तिथेच दगडावर बसून रडले.

हा त्रास फक्त माझा नाही. मानेतून निघून खांद्याखालून हातात जाणाऱ्या नसांच्या जुडग्यावर पट्टा दाबून बसला की हात झोपतो. ओझी वाहणाऱ्या सैनिकांना हे जुनं दुखणं आहे आणि वैद्यकात त्याला नावही आहे. इलाजही माहीत आहे: वजन खांद्यावरून काढून कमरेच्या हाडावर टाकायचं. त्यासाठीच मोठ्या सॅकला कंबरपट्टा असतो. पण तो कमरेच्या हाडावर यायला सॅकची पाठ माणसाच्या पाठीएवढी हवी. माझी उंची चार फूट अकरा इंच. बाजारात मला मिळालेल्या सगळ्या सॅका उंच पुरुषाच्या मापाच्या. माझा कंबरपट्टा कमरेच्या खाली घसरायचा आणि अख्खं ओझं खांद्यांवर लटकायचं.

हे मला आज इतकं स्वच्छ सांगता येतं ते तुमच्यामुळे. त्याआधी मी कुठे कुठे गेले ते सांगते, कारण त्याचा राग अजून गेलेला नाही. एका मोठ्या चकचकीत दुकानात विक्रेत्यानं दोनच प्रश्न विचारले: किती लिटरची पाहिजे आणि बजेट किती. सॅक रिकामीच पाठीवर चढवली, आरसा दाखवला आणि म्हणाला, "मस्त दिसतेय मॅडम." रिकामी सॅक कुणालाही मस्तच दिसते! दुसरीकडे सांगितलं, "सवय होईल." तिसऱ्यानं तर ऐकवलं की लेडीजनी एवढं वजन उचलूच नये. आणि ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं डोंगर फिरले त्यांच्यातल्याच एकानं सल्ला दिला की आता वय झालं, देवदर्शनाच्या सहली कर. हे सगळे जाणकार. एकानंही माझी पाठ मोजली नाही. माझ्याएवढ्या उंचीच्या बायका या राज्यात थोड्या आहेत का? त्यांनी डोंगर बघायचे नाहीत का?

तुमच्याकडे मी आले होते सॅकची चेन बदलायला. तुम्ही शाळेची दप्तरं शिवता, स्कूटरच्या सीटची कव्हरं करता, दुकानांसमोरच्या ताडपत्र्या शिवून देता. तुम्हीच सांगितलंत की गडावर कधी गेला नाहीत. चेन दुरुस्त करताना सॅक उलटी केलीत, खांद्याच्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवलात, मग कंबरपट्ट्यावरून. पट्ट्यांचा फोम दबून पापडासारखा झाला होता. कंबरपट्ट्याचा फोम दुकानातून आणल्यासारखा कोरा होता. तुम्ही विचारलंत, "ताई, हा खालचा पट्टा तुम्ही लावतच नाही का?" मी म्हटलं, नेहमी लावते. तुम्ही म्हणालात, "मग तो कामाला आलेला नाही." इतक्या दुकानांत कुणाला दिसलं नाही ते झिजलेल्या फोमवर लिहिलेलं होतं, आणि तुम्ही वाचलंत.

मग शेजारच्या किराणा दुकानातून तांदळाच्या पाच-पाच किलोच्या दोन पिशव्या मागवल्यात, सॅकमध्ये भरल्यात आणि मला इमारतीचा जिना चढून-उतरून यायला सांगितलंत. "ट्रायल घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही." गच्चीपर्यंत गेले, खाली आले. खांदे ठणकत होते. आणि तुम्ही खिशातून शिवणकामाचा निळा खडू काढून माझ्या हातात दिलात.

"टोचतं तिथं तुम्हीच खुणा करा. मला बाहेरून दिसत नाही."

मास्तर, माझ्यासाठी सगळं काही त्या क्षणात झालं. पुढची सगळी शिवण, सगळं माप त्यानंतरचं. आजवर प्रत्येकानं मला माझ्या पाठीबद्दल सांगितलं होतं. काय दुखायला पाहिजे, काय दुखायला नको, किती सहन करायला हवं. तुम्ही खडू दिलात आणि गप्प उभे राहिलात. घाई केली नाहीत. दुसरं गिऱ्हाईक आलं, त्याला बाकावर बसवलंत. मी पट्ट्यावर कॉलरच्या हाडापाशी एक रेघ मारली, काखेजवळ एक गोल, आणि पाठीच्या पॅडवर जिथे कडक कड रुतते तिथे फुली. तुम्ही एकही खूण तपासून घेतली नाहीत की "इथं कसं दुखेल?" असं विचारलं नाहीत. माझी रेघ हे तुमचं माप झालं. त्या खुणा पुसल्या गेल्या. पण खडू हातात घेतला तेव्हाची माझी धडधड मला अजून आठवते.

पाठीचं माप घ्यायला तुम्ही काकूंना बोलावलंत, तेही न सांगता कळलं तुम्हाला. मान पुढे झुकवली की सगळ्यात वर येतं ते मणक्याचं हाड, तिथून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत. पंधरा इंच. माझी जुनी सॅक अठरा इंचांची होती. आता ट्रेकच्या मैत्रिणींना मी हेच सांगते, लिटर नंतर बघा, आधी घरी टेप लावून हे एक माप घ्या, आणि दुकानात सॅक घालून बघायची तर आत आठ-दहा किलो भरून बघा.

तुम्ही काय उसवलंत आणि कुठे दुहेरी टाके घातलेत ते सांगत बसत नाही. खांद्याचे पट्टे खाली आले, कंबरपट्टा लहान झाला, वरची टोपी आणि नको ते लोंबते पट्टे गेले. २.२ किलोची सॅक १.७ वर आली. त्याहून मोठी गोष्ट अशी की आता वजन कमरेवर बसतं आणि खांद्याच्या पट्ट्याखाली माझी दोन बोटं आरामात जातात.

पोंचोबद्दल, म्हणजे डोक्यातून घालायच्या त्या पावसाळी झग्याबद्दलही लिहायला हवं. मी महागडं श्वास घेणारं जाकीट दाखवलं तेव्हा तुम्ही विचारलंत की हे पावसाळ्यात घालून चढता येतं का. नाही येत. त्या कापडातून घामाची वाफ बाहेर पडायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. जुलैत घाटमाथ्यावर ढगातच चालायचं असतं, वाफ जाणार कुठे? माणूस आतून भिजतो. तुम्हाला तुमच्या आईचं भातलावणीचं इरलं आठवलं. डोकं आणि पाठ झाकलेली, पुढून उघडं, वारा खेळता. तसाच पोंचो तुम्ही सिलिकॉन लावलेल्या पातळ नायलॉनचा शिवलात, सॅकसकट मला झाकणारा, बगला मोकळ्या. जीन्सच्या पायाला असते तशी कडा एकमेकींत अडकवलेली शिवण घातलीत आणि सुईच्या भोकांतून पाणी येऊ नये म्हणून शिवणीवरून सिलिकॉन फिरवायला मला शिकवलंत. दुसरं काही त्या कापडाला धरत नाही हे तुम्ही एका तुकड्यावर आधी करून पाहिलं होतं. लोणावळ्याहून राजमाचीला जाताना त्यानं भर पावसात साथ दिली. झोडपणाऱ्या आडव्या पावसात मांड्या भिजतात, तेवढं खरं.

तुमच्याकडून मी एक नजर उचलली. परत आल्यावर सॅक रिकामी करायची आणि प्रत्येक वस्तूला विचारायचं, तू झिजलीस का? जिला हातही लागला नाही ती पुढच्या वेळी घरी. प्रथमोपचार, टॉर्चचे जास्तीचे सेल आणि जास्तीचं पाणी यांना हा नियम नाही, ती न वापरताच परत यायला हवीत. ताणकाट्यावर टांगून बघितलं तर गरम-गार राहणारी स्टीलची बाटली रिकामीच जवळजवळ अर्धा किलो भरली. साधी लिटरची प्लास्टिकची बाटली तीस-चाळीस ग्रॅमची. हिवाळ्यात सह्याद्रीत सहसा पाऊस नसतो, म्हणून तंबू घरी ठेवला आणि तुमच्याच उरलेल्या कापडाचं छत नेलं. पिसांची स्लीपिंग बॅग हलकी असते, पण दवानं ओली झाली की पिसं चिकटतात आणि ऊब जाते, म्हणून माझी साधी कृत्रिम भरणीचीच ठेवली, थोडी जड असली तरी. पायातल्या वजनात मात्र तडजोड नाही. पायातले शंभर ग्रॅम पाठीवरच्या चार-पाचशे ग्रॅमइतके दमवतात, म्हणून घोट्याच्या वर येणारे जाड बूट सोडून ॲक्शन कंपनीचे ट्रेकिंगचे बूट घातले. कातळावर ते चिकटतात हे अर्ध्या महाराष्ट्राला माहीत आहे.

अमेरिकेत एमा गेटवुड नावाच्या एक आजी होऊन गेल्या. १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी त्या ॲपालाचियन ट्रेल नावाची तीन हजार किलोमीटरहून लांब डोंगरवाट एकट्यानं चालल्या. एका हंगामात ती वाट एकटीनं पुरी करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पायात कॅनव्हासचे बूट, पावसासाठी न्हाणीघराचा पडदा आणि खांद्यावर स्वतः शिवलेली डेनिमची पिशवी. वय झालं म्हणणाऱ्यांना मी त्यांचंच नाव सांगते. मला शिवता येत नाही, पण मला तुम्ही भेटलात.

आणि तुमच्यासारखी माणसं आपल्या गावोगावी आहेत, हे लिहिताना ऊर भरून येतो. पावसाळ्याच्या तोंडावर कोपऱ्यात बसणारे छत्रीवाले, चपलेला टाका घालताना "पाय जरा पुढे करा" म्हणून तळव्याचा घट्टा बघणारे चांभारदादा, चष्म्याची दांडी नाकावर बसेपर्यंत चार वेळा वाकवणारे. समोरच्याला कुठे लागतंय ते कळेपर्यंत त्यांना चैन पडत नाही. त्यांच्याकडे ना पाटी असते ना जाहिरात. त्यांची दुकानं चालायला हवीत, त्यांचा हात शिकणारं कुणीतरी पुढे यायला हवं. जुनी सॅक टाकून नवी घ्या, असं तुम्ही मला सहज म्हणू शकला असतात. बिल किती केलंत, तर चेन आणि पट्टे मिळून साडेतीनशे. ट्रायलचे विचारले तर म्हणालात, "ट्रायलचे पैसे नसतात ताई." पोंचोच्या शिलाईचे अजून सांगितलेले नाहीत. या वेळी मी घेतल्याशिवाय हलणार नाही.

आता ट्रायलचा हिशोब देते, कारण तुम्ही तोच आधी विचाराल. शिवणी सगळ्या जागच्या जागी आहेत, एकही टाका सुटलेला नाही. कुमशेतला ज्यांच्या घरी जेवलो त्या आजींनी सॅक उचलून पाहिली आणि "येवढीच व्हय?" म्हणाल्या. गडाच्या तारामती शिखरावर वारा भणाणत होता, सकाळच्या धुक्यात पोंचो घातला तर मागची बाजू डोक्यावर उलटून आली, तिला कमरेपाशी एक नाडी हवी. डाव्या बाजूचा बाटलीचा खिसा उंच झालाय, चालता चालता हात पोचत नाही, इंचभर खाली घ्या.

गुरुवारी संध्याकाळी पाचनंतर येते, दुपारी तुम्ही बंद असता. बरोबर एक मैत्रीण आणते आहे. ती पाच फूट आठ इंच आहे आणि तिचं दुखणं माझ्या उलट, सगळ्या सॅका तिला आखूड पडतात. तांदूळ आम्हीच घेऊन येऊ. काकूंना नमस्कार सांगा.

आपली कृतज्ञ,
चेन बदलायला आलेली ताई