गावच्या वेशीवरच्या सांध्याबद्दल एका निवृत्त उपअभियंत्यांस आभारपत्र

आदरणीय साहेब,
सविनय नमस्कार.

आपण निवृत्त झालात, माझेही काम दुसरीकडे गेले, आणि प्रत्यक्ष भेटून आभार मानायचे राहून गेले. सोलापूर जिल्ह्यातल्या त्या गावाच्या वेशीवर, जिथे काँक्रीटचा रस्ता संपून डांबरी रस्ता सुरू होतो, तिथला सांधा तीन पावसाळे काढूनही सपाट आहे. त्याआधी मी केलेला सांधा पहिल्याच पावसात खचला होता आणि तिथे दुचाकीवरून पडून एका बाईंचा हात मोडला होता. ते मी विसरलेलो नाही.

खड्डा भरून वर कारपेट, म्हणजे डांबराचा पातळ थर, टाकायला सांगाल, असे मला वाटले होते. आपण सगळा सांधाच उकरायला लावलात. काँक्रीटचा स्लॅब चाकाचे ओझे रुंद पसरवून खाली सोडतो, डांबरी थर मात्र वाहतुकीखाली दबत जातात. पातळी जराशी सुटली की प्रत्येक ट्रकचे चाक त्याच जागी आदळते, फटीतून पाणी उतरते आणि खालची काळी माती मऊ पडते, हे आपण चरात उतरून दाखवलेत. स्लॅबच्या उभ्या कडेपर्यंत रोलर पोचत नाही आणि हातभर पट्टी कच्ची राहते, हे मी रोज पाहत होतो. खड्डा तिथूनच सुरू होतो, हे ध्यानात आले नव्हते.

मग काँक्रीटच्या टोकाला डॉवेल बारने (दोन स्लॅब सांधणाऱ्या पोलादी सळयांनी) जोडून डांबराखाली जाणारा ३ मीटरचा उतरता स्लॅब आपण ओतवून घेतलात, जेणेकरून त्यावरचा डांबरी थर पुढे हळूहळू जाड होत जाईल. पुलाच्या टोकाला रस्त्याखाली घालतात त्या अ‍ॅप्रोच स्लॅबची लांबी किमान ३.५ मीटर का ठेवतात, हे पाठ असूनही मला त्या दिवशी उमगले. त्यापुढचा मुरूम १०० मिलिमीटरच्या थरांत, पाणी मारून, प्लेट कॉम्पॅक्टरने (थरथरत्या सपाट पाट्याच्या यंत्राने) दाबला. सांध्यात फट बंद करणारे सीलंट भरले, साइडपट्टीला उतार देऊन पाणी गटारात काढले. काम लांबले म्हणून ठेकेदार रागावले, तेव्हा तो निर्णय आपला असल्याचे सांगून आपण मला पाठीशी घातलेत. त्याचे आभार मला सर्वांसमोरच मानायचे होते.

सध्या एका मोरीच्या दोन्ही बाजूंच्या सांध्याचा छेद (उभा काप दाखवणारा नकाशा) काढला आहे. तो टपालाने पाठवत आहे. सवडीने पाहून चुका कळवाव्यात, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
त्या कामावरचा साइट अभियंता