बीजी सासरी गेल्या

नांदेड,
गुरुवार, रात्री

प्रिय शालू,

तुझी पत्रं उत्तराविना पडून आहेत आणि तू चिडली असशील. चीड. गुडघा आहे तसाच, साखर ताब्यात, तो विषय संपला. आज लिहायला बसले कारण शेजारच्या शीख घरातल्या बीजी गेल्या, आणि त्या सकाळी त्यांच्या अंगणात जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगावं ते कळेना.

त्रास झाला नाही त्यांना. पहाटे गेल्या, त्यांचे यजमान, दारजी, उशाशीच होते. सुनेनं केस दह्यानं धुतले, मी तांब्यानं पाणी ओतत होते. केस अजून कमरेपर्यंत होते गं, पांढरे शुभ्र. तिनं ते सावकाश विंचरले, अंबाडा बांधला आणि लाकडी कंगा त्यात खोवला. तेवढ्यात गल्लीतल्या बायका आल्या. ओटीचं ताट, हिरवा चुडा. "अहेवपणी गेल्या, भाग्यवान हो," असं एकीनं म्हटलं, दुसरीनं मान डोलावली, आणि मग ताट धरलेल्या बाईचं लक्ष माझ्याकडे गेलं. ती थबकली. मी बाजूला व्हावं म्हणून थांबली होती. मी तांब्या खाली ठेवला नाही. सुनेनंच हात जोडले, "मावशी, आमच्यात हे नसतं." ताट परत गेलं.

कुणी वावगं बोललं नाही. पण हे गेल्यापासून अशी थांबलेली माणसं मला लांबून ओळखू येतात.

नंतर स्मशानात सोहिला म्हटला, शिखांची रात्रीची प्रार्थना. तोच, जो इतकी वर्षं रोज रात्री भिंतीपलीकडून ऐकत आले. बीजी तो म्हणायच्या आणि मग दिवा मालवायच्या. पाच शबद, म्हणजे पदं, आहेत, तीन गुरू नानकांचे, एक गुरू रामदासांचा, एक गुरू अर्जनदेवांचा. झोपताना म्हणायचा आणि चितेपाशीही तोच. त्यातली ही ओळ तुला पाठ आहे:

संबति साहा लिखिआ मिलि करि पावहु तेलु ।
देहु सजण असीसड़ीआ जिउ होवै साहिब सिउ मेलु ॥

लग्नाचा मुहूर्त लिहून झालाय, सगळ्या जमा, मला तेल लावा, आशीर्वाद द्या की धन्याची माझी भेट होवो. समोर लाकडं पेटलेली आणि कानावर लग्नाचं तेल! दारजी डोळे मिटून म्हणत होते. एवढा धिप्पाड माणूस, छातीपर्यंत दाढी, आणि ओठांवर नवरीचे शब्द. आपण कॉलेजात असताना असं काही दिसलं की तू मला कोपरानं ढोसायचीस. त्या दिवशी असतीस तर ढोसलं नसतंस.

तर आता माझी काळजी. रविवारी सहज पाठाचा भोग आहे, म्हणजे ग्रंथसाहिबाच्या सावकाश वाचनाची सांगता. दारजी म्हणाले, गल्लीतली सगळी मराठी माणसं येतील, तू पाच मिनिटं मराठीत सोहिल्याचा अर्थ सांग. मी हो म्हटलं. लगेच आपल्या नेहमीच्या काकांनी सल्ला दिला: "बीजी माहेरी गेल्या असं सांगा. मराठी माणसाला पटकन पोचतं." पोचतं हे खरंच. माझे माहेर पंढरी म्हणतच आपण वाढलो. विठोबा माउली, चंद्रभागेच्या तीरी आपलं माहेर, आणि हा संसार म्हणजे सासुरवास. जात्यावरच्या ओव्यांपासून कीर्तनापर्यंत सगळं त्याच बाजूला झुकलेलं.

पण शालू, बाणीत, म्हणजे गुरूंच्या वाणीत, ते बरोबर उलटं आहे. तिथे माहेर म्हणजे हे जग. चार दिवसांचं, खेळण्याबागडण्याचं, मैत्रिणींचं. आणि सासर म्हणजे परमेश्वराचं घर, जिथे शेवटी जायचं आणि कायमचं राहायचं. 'पेवकड़ै धन खरी इआणी', माहेरात ही पोर अगदीच अजाण, असं गुरू नानक आसा रागात म्हणतात. माहेर म्हटलं की रविवारी सगळ्या बायकांचे डोळे भरून येतील, कार्यक्रम छान होईल, आणि बीजी आयुष्यभर जे म्हणत आल्या त्याच्या नेमकं विरुद्ध मी त्यांच्याच दारात सांगितलेलं असेल. ते मी करणार नाही.

पण मग सासर म्हणू? कुणासमोर? समोर ती बसलेली असेल जिला जाऊबाईनं हात पोळेपर्यंत भाकऱ्या थापायला लावल्या. ती असेल जी अजून स्वतःच्या घरात हळू आवाजात बोलते. त्यांना सांगू की मेल्यावरसुद्धा सासरीच जायचंय? आणि सांगणारी मी, जिला चुड्याचं ताट बघून बाजूला व्हायला हवं होतं!

तुझा जुना प्रश्न इथेच आडवा येतो. नामदेवांचे 61 शबद ग्रंथसाहिबात आहेत म्हणून मी तुला भैरव रागातला 'मै बउरी मेरा रामु भतारु' वाचून दाखवला होता. तू ताडकन म्हणालीस, "पुरुषांनी बाईचं सोंग घ्यायचं, नटायचं, रडायचं आणि भक्त म्हणून मिरवायचं. बाईला विचारलं का कुणी, नवरा म्हणजे देव वाटतो का म्हणून?" मी तुझ्याशी अख्खं सत्र बोलले नव्हते. प्रश्न अजून खराच आहे, मी तो आठवडाभर उशाशी घेऊन झोपतेय. (पंजाबातल्या घुमानचं भांडण आज काढत नाही. तिथल्या 2015 च्या साहित्य संमेलनाला तू एकटी गेलीस, मला विचारलंसुद्धा नाहीस, हे मात्र लक्षात आहे. आणि तिथून आणलेला नित्यनेमाचा गुटका, म्हणजे रोजच्या प्रार्थनांची छोटी पोथी! "तिच्यासाठी गुटका आणलाय" हे ऐकून तुझ्या सासूबाईंनी माझं नावच टाकलं होतं. बीजींना हे सांगितलं तेव्हा हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.)

तर ऐक, मला काय सापडलं ते. गुरूंना सासर माहीत नव्हतं असं अजिबात नाही. गुरू नानक आसा रागातच म्हणतात, 'सासु बुरी घरि वासु न देवै पिर सिउ मिलण न देइ बुरी'. सासू वाईट आहे, घरात टिकू देत नाही, नवऱ्याला भेटू देत नाही. ही सासू म्हणजे माया, आणि ती इथलीच, आत्ताची. गुरू अर्जनदेवांनी तर सगळं घरच उभं केलंय: सासू वैरीण, सासरा भांडखोर, थोरला दीर पावलोपावली जाळणारा. आणि पुढे काय, तर सगळे खुशाल धूळ चाळत फिरोत, 'जा मै सजणु तूहै', तू माझा जिवलग आहेस ना. हे वाचलं आणि मला एकदम नाथांचं भारूड आठवलं. सत्वर पाव ग मला, भवानीआई रोडगा वाहीन तुला. तिथेही सासू, सासरा, नणंद सगळे विकार म्हणूनच आलेत. नाथांची बाई शेवटी म्हणते, सगळेच जाऊ दे, एकलीच राहू दे मला. बाणीतल्या बाईला एकटं राहायचं नाहीये, तिला त्याच्यापर्यंत पोचायचंय. पण छळणारी माणसं दोघींचीही अलीकडेच आहेत. पलीकडच्या घरात सासू नाही, नणंद नाही, थोरला दीर नाही.

आणि त्या घरात ही कशी जाते ते बघ. श्रीरागातला गुरू रामदासांचा छंत (पदाचाच एक प्रकार) काढ. अजाण पोर माहेरात असतानाच गुरूकडून सासरची कामं शिकते, 'साहुरड़ै कंम सिखै', म्हणजे हरीचं नाव घ्यायला शिकते. मग मैत्रिणींत सुखानं वावरते, आणि त्याच्या दरबारात जाते ती 'बाह लुडाए'. हात झुलवत! तू किंवा मी सासरच्या दारात हात झुलवत गेलो होतो का गं? पदर सावरत, मान खाली, उंबऱ्यावरचं माप नीट लवंडेल ना या धास्तीत गेलो. ज्या सासरी बाई हात झुलवत शिरते ते आपल्या ओळखीचं सासरच नव्हे. त्याच छंतात ती वडिलांकडे हुंड्यात काय मागते, तर हरीच मागते. बाकी मांडून दाखवायचा हुंडा म्हणजे खोटा अहंकार, असं स्पष्ट म्हटलंय.

सोहिल्याचं 'रहाउ', म्हणजे ध्रुवपद, तेसुद्धा बघ. ग्रंथसाहिबावरच्या प्रा. साहिब सिंगांच्या दहा खंडांच्या टीकेत, दर्पणात, हेच शिकायला मिळतं, की शबदाचा गाभा रहाउच्या ओळीत असतो, बाकीची पदं तिच्या अंगानं वाचायची. इथे ती ओळ आहे 'तुम गावहु मेरे निरभउ का सोहिला'. माझ्या निर्भयाचं मंगलगीत गा. लग्न, तेल, मुहूर्त हे सगळं त्या एका ओळीच्या आधारानं उभं आहे. ज्याला कसलंच भय नाही अशाच्या घरी ही चाललीय. परक्या घराची जी भीती प्रत्येक मुलीच्या पोटात असते, ती काढून घेण्यासाठीच ही पाठवणी रचलीय असं मला वाटतं. बीजी दिवा मालवण्याआधी रोज एकेक रात्र तीच तयारी करत होत्या.

आता अहेवपणाचं. हा काटा मला सगळ्यात खोल गेलाय. बाणीत सोहागण आणि दुहागण, म्हणजे नवऱ्याची लाडकी आणि टाकलेली, असतात हे खरं, आणि ते शब्द कानावर आले की बायका आपापल्या कपाळाकडे हात नेतात. पण गुरू अमरदास वडहंस रागात म्हणतात की या जगात पुरुष एकच, बाकी सगळ्या नारी. म्हणजे दारजी नवरी, त्यांचा मुलगा नवरी, सल्ला देणारे काकासुद्धा नवरीच! शीख लग्नात लावां घेतानाही वर आणि वधू दोघं ग्रंथाभोवती चार फेरे घेतात तेव्हा रागी, म्हणजे कीर्तनकार, जे गातात ते त्या दोघांच्या संसाराचं गाणं नसतं, जीव आणि परमेश्वर यांच्या भेटीचं असतं. मग कुणाचा नवरा आधी गेला, कुणाचा मागे राहिला, याचा तिथे संबंधच कुठे येतो? ज्या काळात बायकांना चितेवर चढवत होते त्या काळात अमरदासांनीच लिहून ठेवलंय, प्रेताबरोबर जळतात त्या सती नव्हेत, विरहाच्या घावानंच ज्या मरतात त्या सती. आणि त्याच्याच पुढे, शील आणि संतोष राखून राहतात त्याही सती. या ओळी मी रविवारी वाचणार. ताट धरलेली ती बाई समोर असेल तर तिच्याकडे बघून वाचणार, आणि प्रेमानंच वाचणार, कारण तिलाही हे कुणी कधी सांगितलेलं नाही. 1708 मध्ये या गावात ग्रंथाला गुरुपद मिळालं, आणि इथेच जन्मलेल्या बायकांना त्यात आपल्यासाठी काय लिहिलंय याचा पत्ता नाही. हे मला सहन होत नाही, शालू.

नामदेवांचाही रामकलीतला पतंगाचा शबद घेईन, तो सगळ्यांना कळेल. पोरगा मित्रांशी गप्पा मारतो पण चित्त दोरीत. पोरी घागरी भरून हसत टाळ्या देत येतात पण चित्त घागरीत. आई घरात-बाहेर कामं करते पण चित्त पाळण्यातल्या बाळात. त्याला काही समजावून सांगावंच लागत नाही.

एक जागा मात्र अजून अडलीय, आणि तीच तुला विचारायचीय. बाबा फरीदांचा पहिला सलोक. जीव ही नवरी, मरण हा नवरा, तो लग्न लावून घेऊन जाणार. इथवर ठीक. मग येतं, 'आपण हथी जोलि कै कै गलि लगै धाइ'. आपल्याच हातानं तिला पाठवून दिल्यावर हा देह कुणाच्या गळ्यात जाऊन पडेल? म्हणजे नवरी निघून गेली, आणि मागे उरलेला देह पाठवणी झालेल्या घरातल्या आईसारखा. मी वाचून थांबलेच. सोहिल्यात सगळी नजर निघालेल्या मुलीवर, फरीदांनी एकदम दारातल्या आईकडे बघितलं. हे दारजींसमोर म्हणावं का? ते मागे राहिलेत. माझ्याच्यानं ठरत नाहीये. तू तर आत्ताच त्या उंबऱ्यावर आहेस, तुला सांगता येईल.

हो, लेकीचं पक्कं झालं ते वहिनींकडून कळलं. मुलगा चांगला आहे म्हणे, पुण्यातच राहणार, बरं झालं. हॉल मिळाला का? तुझ्या पाठीचं दुखणं थांबलं का? हळदीला मी आदल्या दिवशीच येणार, आणि मला मागे उभं करायचं नाही हे तुझ्या घरच्यांना आत्ताच सांगून ठेव. तेल मी लावणार आहे.

फरीदांचं काय ते शनिवार रात्रीपर्यंत फोनवर सांग, हे पत्र मी उद्या सकाळी कुरिअरनं टाकतेय. रविवारी पहाटेपासून लंगरात प्रशादे, म्हणजे पोळ्या, लाटायला बसेन, तेव्हा फोन पिशवीत असेल.

तुझी,
वैजू