बाबांची एकादशी आणि आईचं सूप

ती. बाबा आणि सौ. आई यांस,
सा. नमस्कार.

आषाढी तोंडावर आलीय आणि फोनवर बाबा विषय बदलतात, म्हणून पत्रच लिहिते.

बाबा, एकादशीला तुम्ही पाण्याचा थेंब घेत नाही आणि मधुमेहाच्या गोळ्याही बाजूला ठेवता, हे आईकडून कळलं. जीव धास्तावला. विदुरनीतीत एक श्लोक आहे: ‘अष्टौ तान्यव्रतघ्नानि आपो मूलं फलं पयः। हविर्ब्राह्मणकाम्या च गुरोर्वचनमौषधम्॥’ पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हवि, ब्राह्मणाची इच्छा, गुरूंचा शब्द आणि औषध, या आठांनी व्रत मोडत नाही. औषधाचं तर नाव घेऊन सांगितलंय. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंत म्हणतात, शास्त्र सोडून जो घोर तपानं शरीर शिणवतो तो आत वसलेल्या मलाच शिणवतो. सत्तरी ओलांडलेल्या देहाला विठोबा यापेक्षा जास्त काय मागेल?

निराहार राहिलं की विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मागे उरते, असंही गीतेतच आहे. ती गोडी सैल व्हायला हातून काहीतरी सुटावं लागतं, असं मला मनापासून वाटतं. श्रावणभर मासळी बंद ठेवायची आणि वाचलेले पैसे आपल्याच गोडधोडावर घालायचे, हे अर्धंच व्रत झालं. ऋग्वेदानं तर एकट्यानं खाणाऱ्याला नुसत्या पापाचा धनी म्हटलंय.

आई, हे मी तुझ्याकडेच पाहिलं. द्वादशीला पारणं सोडण्याआधी तू सुपात उकडे तांदूळ, एक नारळ आणि मूठभर सोलं (आमसुलं) काढायचीस, वर फडकं टाकायचीस. शेजारची म्हातारी मागच्या दारी आली की तू पावसाचं, तिच्या गुडघ्याचं बोलत राहायचीस आणि बोलता बोलता सूप तिच्या पिशवीत रिकामं व्हायचं. तिला कधी ‘घे’ म्हणालेलं मी ऐकलं नाही. परत काही देऊ न शकणाऱ्याला, द्यायचंच म्हणून दिलेलं दान गीता सात्त्विक मानते. तैत्तिरीय उपनिषद म्हणतं, ‘ह्रिया देयम्’, लाजून द्यावं. म्हणजे नजर देणाऱ्यानं खाली घालायची. देवळाच्या बाकावर नाव रंगवून दिलेल्या देणगीपेक्षा मला तुझं सूप फार मोठं वाटतं.

तेव्हा बाबा, या आषाढीला दूध, केळी आणि गोळ्या घ्याच. गोळ्यांची वेळ मी डॉक्टरांना विचारून आईला कळवते. विठ्ठलापूरला दर्शनाला रिक्षानं जा, वाळवंटी नदीच्या काठानं या पावसात चालत नको. आणि द्वादशीचं सूप यंदा तुम्ही भरा. आईचा हात दुखतोय, ती तुम्हाला सांगणार नाही.

द्वादशीला सकाळच्या बसनं मी साखळीला येतेय. माझं पान मांडून ठेवा.

तुमची,
बाय